भिंतीआडचें तांबें

घर किती ऐश्वर्याचें आहे हें दिवाणखान्यांत कळतें. तें किती विचारानें बांधलें आहे हें कळण्यासाठीं मात्र मोरीकडे जावें लागतें. दिवाणखान्यांतील वस्तु पाहुण्यांनीं पाहाव्या म्हणून मांडलेल्या असतात. मोरीच्या भिंतीआड जें असतें तें कोणाच्याहि दृष्टीस पडूं नये अशा बेतानें झांकलेलें असतें, आणि म्हणूनच बांधणाऱ्याचा खरा हिशेब तेथें पाहावयास मिळतो. अमेरिकेंत हा हिशेब अलीकडे वारंवार उघडा पडत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तेथें जीं लक्षावधि घरें उभीं राहिलीं, त्यांचीं न्हाणीघरें आतां जुनीं झालीं आहेत. मालक तीं नव्या पद्धतीनें करून घेण्यास निघतो; फरशा फुटतात, गिलावा उतरतो, आणि आंत लांकडी खांबांच्या मधून एक तपकिरी, कोठें कोठें हिरवट पडलेला रुंद नळ खालीं उतरत असलेला दिसतो. त्यावर खिळा घासला कीं मूळचा तांबूस रंग झळकतो. नळ तांब्याचा असतो. आणि नवल हें कीं, तो पाणी आणणारा नळ नसून पाणी टाकून देणारा नळ असतो.

मराठी मनास हें थोडें विपरीतच वाटेल. महाराष्ट्रांत तांबें हा पूजेचा, पिण्याच्या पाण्याचा आणि स्नानाचा धातु. पाणी पिण्याच्या भांड्याचें नांवच मुळीं तांब्या. देवघरांतील ताम्हन, माजघरांतील हंडा, न्हाणीघरांतील बंब आणि घंगाळ हीं सारीं त्याच धातूचीं. आणि सणावारीं चिंच लावून तीं लखलखीत घासण्यांत गृहिणीची प्रतिष्ठा. तांब्यावर ठोके घालून पोट भरणाऱ्या कारागिरांची पुण्यांत एक आळीच वसली आणि तांबट आळी याच नांवानें ओळखली गेली. मोरींतील पाणी मात्र दगडी पन्हळींतून, खापराच्या किंवा बिडाच्या नळांतून बाहेर जाई. न्हाणी हा आपला साधा देशी शब्द, पण तोहि हिंदुस्थानांतील नळकामाच्या परिभाषेंत ‘नाहणी ट्रॅप’ या रूपानें जाऊन बसला आहे. तो ट्रॅपहि बहुधा बिडाचाच. सांडपाणी तांब्यांतून वाहूं द्यावें ही कल्पना येथील कोणत्याहि गृहस्थास उधळपट्टीची वाटली असती. मग अमेरिकेंतील मध्यम वर्गाच्या साध्या घरांत तांबें या हलक्या कामाला कसें लागलें? आणि लागलें तें पुन्हां नाहींसें कां झालें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें कीं एका धातूचा नव्हे, तर मनुष्य स्वच्छतेवर काय खर्च करण्यास तयार असतो याचा इतिहास हातीं लागतो.

या इतिहासाचा आरंभ ईजिप्तमध्यें होतो. कैरोच्या दक्षिणेस अबुसीर येथें पांचव्या राजवंशांतील साहुरे या राजाचा पिरॅमिड आहे. त्याचा काळ सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचा. पिरॅमिडास लागून असलेल्या मंदिराचें उत्खनन लुडविग बोर्खार्ड्ट या जर्मन संशोधकानें १९०७ आणि १९०८ या वर्षांत केलें. मंदिराच्या फरशीखालीं त्यास तांब्याच्या नळांचे अवशेष आढळले. मंदिरांत चुनखडीच्या दगडाचीं कुंडें होतीं. त्यांना आंतून धातूचें अस्तर होतें. तळाच्या छिद्रास शिशाचें बूच होतें आणि तें ओढण्यासाठीं तांब्याची सांखळी होती. कुंडांतील पाणी तळच्या छिद्रांतून नळांत उतरे आणि मंदिराच्या व पुढच्या लांब आच्छादित मार्गाच्या फरशीखालून दूर बाहेर जाई. या सर्व नळमार्गाची लांबी ३८० मीटरांहून अधिक होती.

हे नळ ओतलेले नव्हते. तांब्याचा पत्रा ठोकून सुमारें दीड मिलिमीटर जाडीचा करावयाचा, तो वांकवून गोल करावयाचा, कडा एकमेकींवर चढवावयाच्या, आणि असा तयार झालेला सुमारें ४७ मिलिमीटर व्यासाचा नळ दगडांत कोरलेल्या खांचेंत बसवून वरून चुन्यानें बुजवावयाचा, अशी ती रीत होती. तांबट आळींतील कारागिरास ती पाहतांच समजली असती. परंतु या कामाचा खर्च ध्यानांत घेतला पाहिजे. नाईलच्या सुपीक खोऱ्यांत तांबें नव्हतें. तें वाळवंटांतून, आणि विशेषतः सिनाईच्या डोंगरांतून आणावें लागे. सिनाईंतील वादी मघारा येथील खडकावर साहुरे राजाचें स्वतःचें शिल्प कोरलेलें होतें. त्या रानावनांत राजाच्या मोहिमा पोहोंचत होत्या याची ती साक्ष आहे. एवढ्या कष्टानें आणलेला धातु फरशीखालीं पुरून टाकण्याचें कारण काय?

कारण पाण्याच्या योग्यतेंत होतें. छपरावरील पावसाचें पाणी सिंहमुखी दगडी पन्हळींतून सरळ बाहेर पडे. त्यासाठीं तांबें वापरलेलें नाहीं. तांबें होतें तें पूजाविधींत वापरलेल्या पाण्यासाठीं. देवकार्यांत वापरलेलें पाणी कोणाच्या पायाखालीं येऊं नये, कोणास शिवूं नये, असें मानीत. तेव्हां जगांतील पहिल्या ज्ञात तांब्याच्या सांडपाण्याच्या नळांत घाण वाहत नव्हती. पवित्र झाल्यामुळें अस्पर्श्य ठरलेलें पाणी वाहत होतें. टाकावयाच्या पाण्यालाहि उत्तम धातु द्यावा ही कल्पना तेथें आहे, पण ती राजापुरती आणि देवापुरती.

जवळ जवळ त्याच काळीं सिंधु नदीच्या कांठीं मोहेंजोदडोच्या नागरिकांनीं निराळा मार्ग स्वीकारला होता. आज पाकिस्तानांत असलेल्या या नगराच्या उत्खननास १९२२ मध्यें प्रारंभ झाला, आणि तेथें सांपडलेल्या वस्तूंत सर्वांत बोलकी वस्तु ठरली ती गटारें. घरोघर विटांची फरसबंदी केलेली स्नानाची जागा, तेथून पाणी नेणारी उतरती नाली, भिंतींत बसविलेले खापराचे नळ, आणि रस्त्यांतून विटांनीं बांधलेलीं झांकलेलीं गटारें. त्या लोकांना तांबें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यांचीं हत्यारें व भांडीं तांब्याचीं आणि कांशाचीं आहेत. परंतु गटारासाठीं त्यांनीं वीट निवडली. ईजिप्तनें एका मंदिरासाठीं तांबें खर्चिलें. सिंधुकांठच्या नगरानें सर्वांसाठीं माती वापरली. उत्तम वस्तु थोड्यांस द्यावी कीं पुरेशी वस्तु सर्वांस द्यावी, हा वाद नळांच्या इतिहासांत तेव्हांपासून चालत आला आहे.

रोमन लोकांनीं त्यांत तिसरा पक्ष उभा केला. तो शिशाचा. शिसें मऊ, लवकर वितळणारें, हवें तसें वांकणारें आणि स्वस्त. शिशाच्या लॅटिन नांवावरूनच नळकाम करणाऱ्या कारागिरास ‘प्लंबर’ हें नांव पडलें, आणि तें आज जगभर चालू आहे. या धातूचा दोषहि रोमनांना अगदींच अज्ञात नव्हता. वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागांत शिशाच्या नळापेक्षां मातीच्या नळांतील पाणी आरोग्यास अधिक हितकर असतें असें स्पष्ट सांगितलें आहे, आणि पुरावा म्हणून शिशाचें काम करणाऱ्या मजुरांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखविलें आहे. ग्रंथ लोकांनीं वाचला; नळ मात्र शिशाचेच राहिले. सोय आणि सावधगिरी यांचा सामना झाला म्हणजे सोय जिंकते, याचें हें जुनें उदाहरण. पुढें त्याची मोठी किंमत द्यावी लागणार होती.

अमेरिकेंतील नगरें वसलीं तेव्हां पाण्याचे नळ पोखरलेल्या लांकडाच्या ओंडक्यांचे असत. फिलाडेल्फिया शहरांत १८०१ मध्यें नळयोजना सुरू झाली तीहि लांकडी नळांची. एकोणिसाव्या शतकांत लांकडाची जागा बिडानें घेतली. घरांतील सांडपाण्याचा मुख्य उभा नळ बिडाचा, त्याला मिळणाऱ्या लहान शाखा शिशाच्या किंवा लोखंडाच्या, अशी पद्धत रूढ झाली. बिडाच्या नळाचें एक टोंक रुंद तोंडाचें असे. त्यांत दुसऱ्या नळाचें टोंक बसवावयाचें, भोंवतींच्या फटींत डांबर लावलेला ताग ठोकून भरावयाचा, त्यावर वितळलेलें शिसें ओतावयाचें आणि तें थंड झाल्यावर छिन्नीनें ठोकून घट्ट करावयाचें. काम भक्कम, पण वेळ खाणारें आणि अंगमेहनतीचें. शिवाय नळाचें तोंड इतकें रुंद कीं तें नेहमींच्या लांकडी भिंतींत मावेना. त्याच्यासाठीं न्हाणीघरामागें मुद्दाम अधिक जाड भिंत घालावी लागे.

तांबें या स्पर्धेंत उशिरां उतरलें, कारण त्याचा सांधा महाग पडे. सांध्यावर आटे पाडावयाचे तर नळ जाड हवा, आणि जाड नळ म्हणजे अधिक तांबें. ही अडचण सुटली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. पातळ नळाचें टोंक नेमक्या मापाच्या टोपणांत बसवावयाचें, दिव्याची ज्योत बाहेरून फिरवावयाची, आणि कडेला डाखाची तार टेंकवावयाची. कथील आणि शिसें समभाग मिसळून केलेला हा डाख १८३ अंश उष्णतेस वितळूं लागतो, तर तांबें वितळण्यास १,०८५ अंश उष्णता लागते. म्हणून नळास अपाय न होतां डाख मात्र पाण्यासारखा पातळ होतो. वातींत तेल चढावें तसा तो नळ आणि टोपण यांमधील केसाएवढ्या फटींत आपोआप शोषला जातो. क्षणार्धांत सांधा तयार. आटे नाहींत, ठोकाठोक नाहीं, जाड नळाची गरज नाहीं. एका लहानशा युक्तीनें राजाचा धातु गृहस्थाच्या आवांक्यांत आणला.

पण घरांत तो शिरण्यापूर्वींच युद्ध पेटलें. तोफगोळ्यांचीं आवरणें, विजेच्या तारा, जहाजांतील यंत्रें या सर्वांना तांबें हवें होतें. १९४२ पासून अमेरिकन सरकारनें नागरी उपयोगासाठीं तांबें वापरण्यावर कडक निर्बंध घातले. १९४३ मध्यें तर एक सेंटचें नाणेंहि तांब्याचें न पाडतां जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचें पाडण्यांत आलें. अणुबाँबच्या कार्यासाठीं ओक रिज येथें जे प्रचंड विद्युच्चुंबक उभारले, त्यांच्या वेटोळ्यांना पुरेसें तांबें मिळेना, म्हणून सरकारी खजिन्यांतून चौदा हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेऊन तिच्या तारा वापरल्या. तांब्याऐवजीं चांदी वापरावी लागावी इतकी तांब्याची वाण पडली होती. अशा काळांत न्हाणीघराच्या नळाचें नांव कोण काढणार?

युद्ध संपलें आणि चित्र पालटलें. परत आलेल्या सैनिकांना घरें हवीं होतीं. १९४४ च्या कायद्यानें त्यांना घरकर्जास सरकारी हमी मिळाली होती. न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथें १९४७ ते १९५१ या अवघ्या चार-पांच वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरें बांधलीं गेलीं, आणि तीं उबदार ठेवण्यासाठीं त्यांच्या सिमेंटच्या जोत्यांत तांब्याच्या नळ्यांचीं वेटोळीं घातलीं होतीं. सैन्याकडे जाणारें तांबें आतां घरांकडे वळलें.

त्या काळच्या अमेरिकेला सर्वत्र स्नानगृहें होतीं अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. १९४० च्या शिरगणतीप्रमाणें तेथील शेंकडा पंचेचाळीस घरांत गरम व थंड पाण्याचा नळ, स्नानाची सोय आणि वाहत्या पाण्याचें शौचकूप या तिन्ही गोष्टी एकत्र नव्हत्या. १९५० मध्यें हें प्रमाण शेंकडा पस्तीसच्या आसपास आलें, १९६० मध्यें सतरावर आणि १९७० मध्यें सातावर. अवघ्या तीस वर्षांत एका विशाल देशानें आपली मोरी घरांत आणली. भिंतीआड आज सांपडणारा तांब्याचा नळ हा त्या तीस वर्षांचा आहे. तो श्रीमंतीचा अवशेष नव्हे. पहिल्यांदाच आपल्या मालकीचें न्हाणीघर मिळालेल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, यंत्रशाळेंतील कामगाराच्या घरांतील ती वस्तु आहे.

बांधकाम करणाऱ्यांनीं तो निवडला तो केवळ टिकाऊपणासाठीं नव्हे. भिंतीची जाडी हें खरें कारण होतें. लांकडी खांबांची नेहमींची भिंत आंतून साडेतीन इंचांच्या जरा वर असे. तांब्याचा तीन इंची नळ बाहेरून सव्वातीन इंचांहूनहि कमी. तो आपल्या सांध्यांसह त्या भिंतींत सहज मावे. जाड भिंत घालण्याचा खर्च वांचला आणि खोलींतील जागाहि वांचली. वजनाचाहि लाभ मोठा. तीन इंची तांब्याच्या दहा फूट नळाचें वजन सुमारें सतरा पौंड. तेवढाच बिडाचा नळ तिपटीहून जड. एक माणूस तो एका हातानें जिन्यावरून वर नेई. सांडपाण्याच्या या नळांत पाण्याचा दाब नसतो, म्हणून त्यांच्यासाठीं पिण्याच्या पाण्याच्या नळाहून पातळ अशी एक स्वतंत्र जात ठरविण्यांत आली आणि ओळखीसाठीं तिच्यावर पिवळी रेघ छापूं लागले. हिरवी, निळी आणि तांबडी रेघ पाण्याच्या नळांना, पिवळी सांडपाण्याच्या. जुन्या भिंती फोडतांना ती पिवळी अक्षरें अजूनहि कोठें कोठें वाचतां येतात.

येथें एक मौजेची तुलना करतां येते. या जातीच्या दीड इंची नळाचा बाहेरचा व्यास सुमारें ४१ मिलिमीटर, दोन इंची नळाचा ५४. आणि त्यांच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या किंचित वर. साहुरेच्या मंदिरांतील नळ या दोहोंच्या मधला, आणि पत्रा थोडा जाड. साडेचार हजार वर्षांत पाण्याचा स्वभाव पालटला नाहीं, म्हणून त्याच्या वाटेचें मापहि फारसें पालटलें नाहीं. पालटलें तें एवढेंच कीं, जें एका राजाच्या मंदिराखालीं होतें तें आतां साध्या गृहस्थाच्या टबाखालीं आलें.

पण हें वैभव एका पिढीचेंच ठरलें. १९६७ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील तांब्याच्या उद्योगांत संप सुरू झाला आणि तो आठ महिन्यांहून अधिक चालला. व्हिएटनामच्या युद्धामुळें धातूची मागणी आधींच वाढलेली होती. भाव चढले. याच सुमारास प्लॅस्टिकचे नळ बाजारांत आले. पालिकांचे बांधकाम-नियम हळूहळू त्यांना मोकळीक देऊं लागले. प्लॅस्टिकला ना ज्योत लागे, ना डाख. करवतीनें कापावें, चिकटद्रव लावावा आणि बसवावें. १९७० नंतरच्या दशकांत नव्या घरांतून तांब्याचा सांडपाण्याचा नळ जवळ जवळ दिसेनासा झाला. १९८२ मध्यें एक सेंटचें नाणेंहि जस्ताचें झालें आणि त्यावर तांब्याचा केवळ पातळ मुलामा उरला. तांबें आतां विजेच्या तारांत आणि यंत्रांत अधिक मोलाचें ठरलें होतें.

ज्या घरांत ते नळ राहिले तेथें त्यांनीं कशी चाकरी केली? बहुतेक ठिकाणीं उत्तम. लोखंड आंतून गंजून फुगतें आणि नळाचा मार्ग अरुंद करतें. तांब्याचें तसें होत नाहीं. त्यावर एक पातळ थर चढतो आणि तोच त्याचें रक्षण करतो. उभा नळ तर साठ-सत्तर वर्षांनींहि ठणठणीत आढळतो. दोष आढळतो तो बहुधा आडव्या नळांत. उतार कमी पडला कीं तळाशीं पाणी व गाळ सांचून राहतो, आणि वर्षानुवर्षें तेथें धातु झिजत जातो. मूत्रापासून होणारा अमोनिया तांब्याला खातो; म्हणून मुतारीच्या नळासाठीं जाणते कारागीर तांबें वापरीत नाहींत. आणि तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठीं जो तीव्र आम्लाचा उपाय कित्येक घरांत केला जातो, तो नळाचा वैरीच होय. महाराष्ट्रांतील गृहिणीस हें रसायन निराळ्या वाटेनें पूर्वींपासून माहीत आहे. तांब्याच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवूं नये, ठेवावयाचा तर आधीं कलई करून घ्यावी, हा नियम तिनें कोणत्याहि पुस्तकांतून शिकलेला नाहीं. जी चिंच हंड्याला उजळवते तीच आंत राहिली तर त्याला खाते.

आतां या इतिहासांतील सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळलें पाहिजे. अमेरिकन घरांतून सांडपाणी तांब्याच्या नळांतून बाहेर जात होतें, त्याच दशकांत त्या देशांतील अनेक शहरांत पिण्याचें पाणी रस्त्यावरून घरांत येत होतें तें शिशाच्या नळांतून. शिकागो शहराच्या नियमांत तर रस्त्यावरील मुख्य नळापासून घरापर्यंतचा नळ शिशाचाच असावा अशी सक्ति होती, आणि ती १९८६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं मध्यवर्ती सरकारनेंच कायदा करून पिण्याच्या पाण्यासाठीं शिशाचे नळ आणि शिशाचा डाख यांना बंदी केली, तेव्हां कोठें ती सुटली. त्या एका शहरांत असे सुमारें चार लक्ष नळ जमिनींत राहून गेले. घरांतील पाण्याचे नळ तांब्याचे असले तरी त्यांचे सांधे मात्र त्याच अर्ध्या शिशाच्या डाखानें जोडलेले असत. कारागिराच्या पिशवींत तारेचें वेटोळें एकच. त्यानेंच तो टबाचा निकास जोडी आणि त्यानेंच स्वयंपाकघरांतील नळ.

याचा परिणाम २०१४ मध्यें मिशिगन राज्यांतील फ्लिंट येथें जगानें पाहिला. शहराच्या पाण्याचा उगम त्या वर्षीं एप्रिलमध्यें बदलला. नदीचें नवें पाणी नळांना खाऊं नये म्हणून जें द्रव्य त्यांत मिसळावयास हवें होतें तें मिसळलें गेलें नाहीं. जुन्या नळांतील रक्षक थर सुटला आणि शिसें पाण्यांत उतरूं लागलें. शिशाचा अपाय लहान मुलांच्या मेंदूस होतो आणि झालेली हानि सहसा भरून येत नाहीं. विट्रुव्हियसनें दोन हजार वर्षांपूर्वीं ज्याकडे बोट दाखविलें होतें, तें ज्ञान हातीं असूनहि एका संपन्न देशानें शिशाची सोय सोडली नव्हती. टाकावयाच्या पाण्याला निर्दोष धातु मिळाला आणि मुलांच्या ओठांशीं जाणाऱ्या पाण्याला विषारी धातु मिळाला, ही विसंगति कोणी दुष्टपणानें घडवून आणलेली नाहीं. भिंतीची जाडी, कारागिराची सवय, नळ विकणाऱ्यांचें हित आणि पालिकेचा जुना नियम अशा लहान लहान कारणांनीं ती घडली. घरांतील धातु कोठें असावा हें धातूच्या गुणानें ठरलें नाहीं, सोयीनें ठरलें.

याउलट तांब्याचा गुण असा कीं, त्याच्या स्पर्शानें सूक्ष्म जंतु मरतात. स्विस शास्त्रज्ञ नेगेली याच्या १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लेखांत या क्रियेचें वर्णन आहे. आणि २००८ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून अधिकृत मान्यता दिली. रात्रभर तांब्याच्या भांड्यांत ठेवलेलें पाणी सकाळीं प्यावें ही मराठी घरांतील जुनी चाल या शोधाच्या कितीतरी आधींची आहे. तेथें तांबें पिण्याच्या बाजूस होतें आणि खापर किंवा बीड मोरीच्या बाजूस. ही वांटणी गरिबीमुळें झाली असेल, परंपरेमुळें झाली असेल. ती योग्य होती एवढें खरें.

म्हणून आज अमेरिकेंतील एखाद्या घराची भिंत उघडते, आणि १९६५ नंतर तेथें जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतूनहि अशा भिंती उघडत असतात, तेव्हां मालकापुढें पडणारा प्रश्न वरवर पाहतां पैशाचा दिसतो. जुनें तांबें मोडींत घातलें तर चांगला भाव येतो. प्लॅस्टिकचा नवा नळ त्या मानानें स्वस्त. कित्येक जण या हिशेबानें उभा नळहि कापून टाकतात. जाणता कारागीर मात्र आधीं आडवा भाग तपासतो, त्याचा तळ झिजला आहे काय तें पाहतो, खराब तेवढा काढतो आणि शाबूत उभ्या नळाला रबरी जोडणीनें नवा प्लॅस्टिकचा नळ मिळवून देतो. काढलेलें तांबेंहि वाया जात नाहीं. तें वितळून पुन्हां नवें होतें, आणि आज एखाद्या विजेच्या तारेंत असलेल्या तांब्याचा कांहीं अंश पूर्वीं कोणाच्या न्हाणीघरांत असणें अगदीं शक्य आहे.

पण भिंत उघडलीच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घेणें मालकाच्या हातीं असतें. सांडपाण्याचा नळ हिरवा पडलेला दिसला म्हणून जो माणूस घाबरतो, त्याचें लक्ष पुष्कळदां तळघराच्या कोपऱ्यांतील त्या दुसऱ्या, करड्या नळाकडे जात नाहीं, जेथून पिण्याचें पाणी घरांत येतें. चाकूच्या टोंकानें खरवडला असतां तो चांदीसारखा चकाकला आणि मऊ लागला, तर तो शिशाचा समजावा. शौचकूपामागचें तांबें आणखी वीस वर्षें चाललें तरी कोणाचें बिघडणार नाहीं. शिशाचा तो हातभर नळ मात्र एक दिवसहि अधिक ठेवूं नये. अमेरिकन सरकारनें २०२४ मध्यें असे सर्व नळ सुमारें दहा वर्षांत काढण्याचा नियम जाहीर केला. परंतु नियमाची वाट न पाहतां जो गृहस्थ आपल्या तळघरांत दिवा घेऊन उतरेल, त्याच्या मुलांना त्याचा लाभ त्याच दिवसापासून मिळूं लागेल.